अकरा फ्रेम थांबलेला पाय

स्टुडिओत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत शिकवायची नोकरी त्यांनी कधी केली नव्हती. पण नवा माणूस कामावर आला की पहिल्याच आठवड्यात मास्तर त्याला मधल्या बोळातून दहा वेळा चालायला लावत आणि स्वतः भिंतीला टेकून बघत. मग एकच वाक्य बोलत. एका मुलीला म्हणाले होते, "तू डाव्या खांद्यानं चालतेस." मला म्हणाले, "तू दार उघडं असलं तरी ढकलत चालतोस." मी चित्रं काढत नाही. पात्रांच्या आतला सांगाडा संगणकावर बांधायचा, कुठला सांधा किती वळेल ते ठरवायचं, एवढंच माझं काम. तरी ते वाक्य मी घरी जाऊन आरशासमोर तपासून पाहिलं होतं.

आमची मालिका म्हणजे 'तिरपं घर'. एका बाजूला कललेल्या घरात राहणारं एक कुटुंब, त्यांचे शेजारी आणि दर आठवड्याला अर्धा तास हसवणूक. त्यात चेहरे कोणी करायचे, हात कोणी करायचे, अशी वाटणी होती. चालणं मास्तरांकडे. नऊ वर्षं त्यांनी माणसं चालवली. आजी जिना उतरते ती त्यांची, पोस्टमन कुत्र्याला घाबरून उलटा चालतो तोही त्यांचा.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी स्वतः करून बघायचं, मोबाइलवर चित्रण करायचं आणि ते एकेक फ्रेम पुढं सरकवत अभ्यासायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं, त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. चांगला चालणारा माणूस साधारण बारा-तेरा फ्रेममध्ये एक पाऊल टाकतो. आमच्याकडे सगळेच असं करत, त्यामुळे कधीही बघावं तर कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं केळीच्या सालीवरून घसरत असायचं. झाडूवाल्या मावशी म्हणायच्या, "यांना पगार पडायचा मिळतो, आणि आपण फरशी पुसून ठेवतो ती कोणी पडू नये म्हणून."

ज्या भागावरून हे सगळं घडलं त्याची गोष्ट अशी होती. शेजारकाकांचं ऑफिस बंद पडतं. बायकोला सांगायची हिंमत होत नाही. म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघतात आणि दिवसभर भलत्याच ठिकाणी बसतात. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये दोन्हीकडच्या मंडळींना ते दुसऱ्या बाजूचे वाटतात, एकदा न्हाव्याच्या दुकानात तीन वेळा दाढी करून घेतात. गोष्ट लिहिणाऱ्यांनी ती सहज सुचली म्हणून लिहिली होती. मास्तरांच्या वाट्याला सुरुवातीचं चालणं आलं. गल्लीतून कोपऱ्यापर्यंत, चौदा सेकंद, शब्द एकही नाही.

ते त्यांना जमेना. दिग्दर्शिका बाई वयानं मास्तरांपेक्षा लहान, पण नजर कडक. त्यांनी तीन वेळा काम परत पाठवलं.

"मास्तर, हा माणूस कुठंतरी चाललाय."

"ऑफिसला चाललाय, बाई. तेच लिहिलंय की."

"ऑफिस उरलंय कुठं त्याचं? बायकोला माहीत नाही हे खरं. पण पायांना माहीत आहे ना."

रंगकाम करणारा मागून म्हणाला, "मग पायांनीच घरी सांगून टाकायचं. भाग पाच मिनिटांत संपला असता."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. नऊ वर्षांत त्यांचं काम तीनदा परत आलं नव्हतं.

यानंतर काय झालं ते मला बऱ्याच उशिरा कळलं, त्यांच्याच तोंडून.

मास्तर थोरल्या भावाकडे राहत. वडील गेले तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे आणि दादा पंचवीसचा. दादा वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्यानं या धाकट्याला वाढवलं. चित्रकलेला घातलं तेव्हा नातेवाइकांनी "पोराला हातानं खड्ड्यात घालतोस" म्हणून तोंडसुख घेतलं, तर दादा म्हणाला होता, "पडू दे खड्ड्यात. खड्डा तरी छान काढेल." मास्तरांनी लग्न केलं नाही. घरात दादा, वहिनी, कॉलेजात जाणारी पुतणी आणि हे. दादा रोज आठ वाजून दहा मिनिटांनी डबा आणि काळी बॅग घेऊन निघायचा. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटकापर्यंत बघायच्या. त्यापुढं तिथून दिसत नसे.

मास्तरांच्या डोक्यात आलं की आधी खरा ऑफिसला जाणारा माणूस बघावा. तेच वय, तीच बॅग, तोच डबा. मग त्या चालण्यातून 'ऑफिस' तेवढं काढून टाकावं. हिशेब साधा होता. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीआडून दादाचं चित्रण केलं. सांगितलं नाही, कारण सांगितलं की माणूस नीट चालायला लागतो.

स्टुडिओत येऊन त्यांनी ते एकेक फ्रेम पुढं सरकवलं. फाटकापर्यंत तेरा फ्रेमला एक पाऊल. फाटक ओलांडल्यावर सतरा. मग एकोणीस. कोपऱ्यावर बसथांबा उजवीकडे. दादाचा उजवा पाय सवयीनं उजवीकडे वळून टेकला आणि तिथंच राहिला. मास्तरांनी फ्रेम मोजल्या. अकरा. जाता-येता बघणाऱ्याला कळणारही नाही इतका वेळ. मग टाच जागेवर फिरली आणि दादा डावीकडे निघाला. त्याआधी त्यानं मागं वळून पाहिलं. माणूस मागं बघतो, वर बघत नाही.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रण केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही दिवस त्याची बस समोरून गेली आणि तिन्ही दिवस टाच डावीकडे फिरली.

"त्यातून मला काहीच काढावं लागलं नाही," मास्तर मला म्हणाले. "मी काढायला बसलो होतो, आणि तिथं काही नव्हतंच."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याला फोन लावला. फोन लागेना. संध्याकाळी दादा सहाच्या ठोक्याला घरी आला, चपला काढल्या, आणि वहिनींनी विचारल्यावर म्हणाला, "आज नवा माल आला, बसायला फुरसत नाही." मास्तर समोर बसून चहा पीत होते. विचारायचं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर कमी आहे."

त्यांनी विचारलं नाही. त्याऐवजी त्यांनी चित्र काढलं.

मला ते दिवस आठवतात. मास्तर जेवायला उठत नव्हते. मला बोलावून म्हणाले, शेजारकाकांच्या घोट्याला थोडी जास्त फिरकी दे, टाच जागच्या जागी वळायला हवी. मी म्हटलं, "मास्तर, कुणाच्या लक्षातही येणार नाही." ते म्हणाले, "माझ्या आलंय ना." बाईंनी ती चौदा सेकंदं पाहिली, पुन्हा पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "झालं. याला हात लावू नका."

भाग लागला त्या संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर बसले. दर आठवड्याला बसतच. शेजारकाका फाटकातून निघाले तशी पुतणी खिदळली. वहिनी म्हणाल्या, "अहो, हा अगदी तुमच्यासारखा चालतो की."

"या वयाची सगळी माणसं अशीच चालतात," दादा म्हणाला. "गुडघे सगळ्यांचे एकाच कंपनीचे."

मग लग्नाच्या हॉलचा प्रसंग आला आणि घर हसून लोटपोट झालं. दादाही हसला. पण मास्तरांना ते हसणं अर्धा सेकंद उशिरा आलेलं दिसलं. बारा फ्रेम. डोळा असा तयार झाला की तो घरी आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

भाग गाजला. लोक रस्त्यावर शेजारकाकांसारखं चालून त्याचं चित्रण इंटरनेटवर टाकू लागले. शाळेतली मुलं, एक अख्खं नवरी-नवऱ्याचं वऱ्हाड, कुठले तरी फुटबॉल खेळाडू. वाहिनीनं कळवलं की शेजारकाका आता दर भागात हवेत. आमच्यात ज्याचं चालणं एकदा पास होतं ते संग्रहात जातं. मग कोणीही ते उचलावं आणि पात्राला लावावं, पात्र जितका वेळ हवं तितका वेळ चालत राहतं. मास्तर बाईंकडे गेले आणि म्हणाले, ही चाल संग्रहात टाकू नका, मी नवी करून देतो. बाईंना वाटलं, कलाकाराचा रुसवा. त्या म्हणाल्या, "मास्तर, आपली चांगली गोष्ट आपल्यालाच खुपते, तसलं काहीतरी झालंय तुम्हाला."

आता माझी चूक.

चार आठवड्यांनी, सोमवारी, मास्तर दाढ काढून घ्यायला सुटीवर होते. सकाळी नऊला वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाचा निरोप आला की शेजारकाकांच्या चालण्याची जोडफीत हवी, अकरापर्यंत. जोडफीत म्हणजे डावीकडे खरा माणूस आणि उजवीकडे त्यावरून केलेलं चित्र, एकाच वेळी चालणारं. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. लोकांना आवडतं, आणि आम्हाला मिरवायला मिळतं. डावीकडे एरवी आम्हीच असतो, विस्कटलेल्या केसांचे.

मी मास्तरांना दोन वेळा फोन केला. डॉक्टरच्या खुर्चीत कोण फोन उचलणार? मग मी त्यांचं संदर्भांचं फोल्डर उघडलं. तीन फिती होत्या. मी पाहिल्या आणि थक्क झालो. मला वाटलं, मास्तरांनी या वेळी खरा नट आणलाय. काय काम केलं होतं त्या माणसानं. मागं वळून बघतो तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी मनात म्हटलं, याचं नाव विचारून घ्यायला हवं, श्रेयनामावलीत राहून गेलंय. मी तिसरी फीत निवडली, कारण तिच्यात चेहरा सगळ्यात स्वच्छ दिसत होता. खाली लिहिलं, 'कलाकाराचं नाव लवकरच'. अकराला ती वाहिनीच्या इंटरनेटवरच्या पानावर लोकांसमोर गेली.

अडीच वाजता मास्तर स्टुडिओच्या दारात उभे होते. एक गाल सुजलेला, तोंडात बोळा. मी त्यांना असं धावत आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काढ ती."

"काय झालं, मास्तर?"

"तो माझा भाऊ आहे. काढ."

पुतणीचा फोन आला होता त्यांना. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारत होत्या, तुझे बाबा नट झाले का. ती हसत होती. तिनं खालचे शेरे अजून वाचले नव्हते. मी वाचले. शेकडो लोक विचारत होते, हा नट कोण. आणि त्यात एकानं उत्तर दिलं होतं: 'हे आमच्या वजनकाटा कारखान्याचे स्टोअरकीपर. कारखाना बंद होऊन सहा महिने झाले. साहेब, नवीन काम छान मिळालं, मनापासून अभिनंदन.' त्या माणसानं चांगल्या मनानं लिहिलं होतं. त्याखाली दोनशे लोकांनी त्याला दुजोरा दिला होता.

मी वाहिनीला फोन लावला. प्रसिद्धीच्या बाई म्हणाल्या, अर्ज भरून पाठवा, वरिष्ठांची सही लागेल, आणि तसंही एव्हाना इतरांनी उतरवून घेतलीय. मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी त्या बाईंना हात जोडले. फोनवर. पलीकडच्याला दिसत नसतं हे त्यांना कळत नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "दादा सहाला घरी येतो. वहिनीला त्याच्याकडूनच कळायला हवं. दुसऱ्या कुणाकडून नाही. तो पोचायच्या आत मला तो सापडला पाहिजे."

"ते दिवसभर बसतात कुठं?" मी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तीन दिवसांच्या तीन फिती, आणि कोपऱ्यापुढचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कधी खाली उतरून मागं जाऊन पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी दादाला दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. त्या कोपऱ्यापासून डावीकडे. वाचनालय सोमवारी बंद. बागेत एका बाकावर पत्ते खेळणारे म्हातारे होते, त्यांनी फोटो पाहून ओळखलं, "हा तर टीव्हीतला," म्हणाले आणि हसले. मास्तरांनी त्यांना विचारलं, इथं येतात का. "छे, इथं येतो तो बोलायला येतो. याला बोलायचं नसेल." धुण्याच्या दुकानात विचारलं, पोस्टात विचारलं. साडेचार वाजले. मास्तरांच्या गालातून रक्त येत होतं आणि ते गिळत होते. मागच्या सीटवरून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. एका सिग्नलला ते म्हणाले, "मी त्याच्या घोट्याचा कोन सांगू शकतो. जेवतो कुठं ते नाही सांगू शकत."

सरकारी दवाखान्यासमोर त्यांनी अचानक थांबायला सांगितलं. बाहेरच्या रुग्णांचा मोठा हॉल, लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर क्रमांक दाखवणारी लाल पाटी. "इथं," ते म्हणाले. "इथं बसलेल्याला कोणी विचारत नाही, का बसलाय."

दादा चौथ्या रांगेत होता. बॅग मांडीवर, डबा बॅगेवर. शेजारच्या म्हातारीचा कागद तिला वाचून दाखवत होता. "आजी, ही गोळी जेवणाआधी, ही नंतर. उलटं नका करू." मास्तर समोर जाऊन उभे राहिले. दादानं वर पाहिलं. दचकला नाही.

"दाढ काढलीस?" तो म्हणाला. "बस. उभ्यानं रक्त थांबत नाही."

मास्तर बसले. मी एक खुर्ची सोडून बसलो. दादानंच सांगितलं, "दुपारी एका पोरानं दाखवलं. काका, हे तुम्हीच ना, म्हणाला. फोटो काढला माझ्याबरोबर." त्यानं डब्यावर बोट फिरवलं. "डबा उघडायचा राहिला."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही नट आहात."

"मलाही वाटायला लागलं होतं," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग तो भावाकडे वळला. "तुला कधी कळलं?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी बोळा काढून रुमालात ठेवला. "तीन महिने झाले."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पायावरून. कोपऱ्यावर अकरा फ्रेम थांबतोस तू."

दादानं लाल पाटीकडे मान वळवली. क्रमांक बदलत होते. "तीन महिने," तो म्हणाला. "रोज रात्री समोर जेवायला बसतोस."

"तूही काही बोलला नाहीस, दादा."

"मी तोंड लपवत होतो. लपवणारा बोलत नसतो. पण तू बघत होतास. बघून तू घरी आलास, आणि विचारायचं सोडून माझं चित्र काढलंस."

मास्तरांनी रुमालाची घडी घातली. आणि त्या चित्रातल्या घोट्याला फिरकी मी दिली होती.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. जुना फोन, आवाज मोठा, दादाच्या कानाला थोडं कमी ऐकू येतं. पडद्यावर 'घर' असं नाव. मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, जणू फोन थांबवता येणार होता. दादानं हात बाजूला केला आणि फोन उचलला.

पलीकडून आवाज आला, वहिनींचा. त्या रडत नव्हत्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"अहो, मग तुम्ही डबा कुठं खाता?"

म्हातारी आजी आमच्याकडे बघत होती. "दवाखान्यात," तो शेवटी म्हणाला.

"आजचा खाल्लात?"

"नाही."

"भाजी आंबली असेल. खाऊ नका ती." आणि मग, "या आता."

फोन बंद झाला. दादा तो हातात धरून बसला. सहा महिने ज्या क्षणाला तो भ्यायला होता तो असा येऊन गेला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका वगैरे काही दिसत नव्हती. तो फक्त थकलेला दिसत होता. सांगायचं होतं ते त्याच्याऐवजी दुसऱ्याच कोणी सांगून टाकलं होतं. तेवढंच त्याच्या हातात उरलेलं होतं, आणि तेही आम्ही घेतलं.

तो उठला. आजीला म्हणाला, "सत्तेचाळीस लागला की आत जा. हाक मारणार नाहीत, पाटी बघा." बॅग खांद्याला लावली. आम्ही दारापर्यंत आलो. घर तिथून दहा मिनिटांवर, सरळ रस्ता. मी स्कूटर ढकलत घेतली.

दवाखान्याच्या फाटकाशी मास्तर थांबले. लहानपणापासूनची सवय, दादा पुढं, हे मागं. दादा मात्र जागचा हलला नाही.

"चल ना, दादा."

"तू पुढं हो," दादा म्हणाला.

"दादा..."

"तू मागून येऊ नकोस. पुढं हो."

मास्तर पुढं झाले. नऊ वर्षं त्यांनी आम्हा सगळ्यांना चालायला शिकवलं होतं. त्या रस्त्यावर त्यांना हात कुठं ठेवायचे ते कळेना. एकदा खिशात घातले, एकदा मागं बांधले, मग सोडून दिले. पाठ ताठ झाली होती. पावलं मोजल्यासारखी पडत होती, कधी दहा फ्रेमला, कधी वीसला, कारण मागून दादा बघत होता आणि ते त्यांना माहीत होतं.